टायरच्या दुकानातून आलं की तीच तक्रार पुन्हा: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

कोकणात गाडी चालवणाऱ्याला लक्षणं ओळखीची आहेत. पंक्चर काढून आठ दिवस होत नाहीत तोच तेच चाक सकाळी अंगणात बसलेलं दिसतं. नवे टायर घालून महामार्गाला लागलात की ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, पैसे देऊनही गाडी डावीकडे ओढते. एका पंक्चरला गेलात आणि चारचे पैसे देऊन आलात. कुंभार्ली घाटात पावसात चाक बदलायची वेळ आली, पण दुकानात आवळलेले नट गाडीतल्या पान्याने हलेनात. विचारायला गेलं की उत्तरं ठरलेली: 'रस्तेच तसे आहेत', 'गाडीतच काहीतरी असणार', 'मालक नाहीत', 'गणपती होऊ द्या, मग बघू'.

यात दोन दुखणी एकत्र झालेली असतात: काम चुकलेलं असतं आणि वर कोणी नीट बोलत नाही. दोन्हीची तक्रार एका दमात केली की भांडण वागणुकीवर घसरतं आणि चाक तसंच राहतं. आधी काम धरा. 'तुम्ही नीट काम केलं नाही' याला दुकानात शंभर उत्तरं मिळतील. 'मागच्या डाव्या चाकात हवेचा दाब सोमवारी ३३ पीएसआय होता, शुक्रवारी २६ आहे, बाकीची तीन चाकं ३३ वरच आहेत' याला उत्तर एकच, चाक खोलून बघणं. खालच्या सगळ्या तपासण्या हा आकडा हाती यावा म्हणूनच आहेत, आणि पहिल्या काही तर फुकटात होतात.

बिल आणि फोटो

आधी बिल काढून वाचा. त्यावर टायरचा मेक, माप, नग, गाडीचा नंबर, तारीख आणि बॅलन्सिंग (वजनं लावून चाकाचा तोल साधणं), अलाइनमेंट, व्हॉल्व्ह यांची वेगवेगळी रक्कम हवी. 'टायर काम' असं लिहून एकच आकडा असेल तर नंतर काय केलं आणि काय नाही हे सिद्धच होत नाही. बिल नसेल तर आजच मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे शांतपणे सांगितलं तरी पुरतं. दर विचारताना हेही लक्षात ठेवा की गाडीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात त्यानंतरच्या तारखेला जुनाच दर दिसला तर तिथेच बोट ठेवा.

मग टायरच्या बाजूचा फोटो काढा. डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हा पूर्ण आकडा कित्येकदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि बसवताना ती बाजू आत जाते, म्हणून तो टायर रिमवर चढण्यापूर्वीच बघायचा. आपल्याकडच्या उकाड्यात आणि दमट गोदामात पडून राहिलेलं रबर नक्षी कोरी असूनही कडक होतं, तेव्हा वर्षाच्या आतला माल मागायला संकोच करू नका. माप, भारांक आणि वेगाचं अक्षरही वाचा. १८५/६५ आर १५ ८८ एच यातला ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. 'हाच बसतो, सगळे घालतात' म्हणून कमी भारांकाचा टायर दिला असेल तर तो बदलून मागा, कारण भरल्या गाडीने घाट चढणाऱ्याला तो धोक्याचा आहे. आयएसआय खूण आणि तिच्यासोबत आयएस १५६३३ हा क्रमांकही दिसला पाहिजे.

जुने टायर काढण्यापूर्वी चारही चाकांचे आणि स्टेपनीचे आकडे टिपून घ्या. गाडी दुकानात सोडून बाजारात जायचं असेल तर ही पाच फोटोंची सवय फार उपयोगी पडते. काढलेले टायर तुमचेच असतात. ते दुकानात ठेवायचे असतील तर त्यांची रक्कम बिलातून वजा झालेली दिसायला हवी.

हवा स्वतः मोजा

स्वतःचा गेज घ्या. तीन-चारशे रुपयांत बरा मिळतो. पंपावरच्या आणि दुकानातल्या गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक नेहमीच असतो, त्यामुळे कुठला गेज खरा यावर वाद घालत बसू नका. प्रत्येक वेळी एकाच गेजने मोजलं की फरक कळतो, आणि आपल्याला फरकच हवा आहे. मोजायचं सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी. टायर तापला की दाब वाढतो, साधारण दर ५ ते ६ अंशांमागे १ पीएसआय. राजापूरहून रत्नागिरीला उन्हात येऊन लगेच ३३ भरून घेतले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चाक २९ किंवा ३० दाखवेल आणि दुकानदाराची काही चूक नसेल. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेला असतो. टायरवर छापलेला मोठा आकडा हा कमाल दाब आहे, तेवढा भरायचा नसतो.

चांगल्या टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय जाणं नैसर्गिक आहे. आठवड्यात तीनपेक्षा जास्त गेले तर गळती आहे. चार दिवस रोज सकाळी चारही चाकं मोजून कागदावर लिहा. हा कागद दुकानात ठेवला की बोलण्याचा सूरच बदलतो.

साबणाचं पाणी

अर्ध्या लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा पातळ साबण. हवा पूर्ण भरा आणि ब्रशने या क्रमाने लावा: व्हॉल्व्हचं तोंड, व्हॉल्व्हचा बुंधा, जुन्या पंक्चरची जागा, नक्षीचा सगळा घेर, आणि शेवटी टायर रिमला बसतो ती कड. घाई नको. बारीक गळतीचा बुडबुडा यायला मिनिटभर लागतं.

बुडबुडा व्हॉल्व्हच्या तोंडाशी आला तर आतली पिन सैल किंवा खराब आहे. ती काही रुपयांची वस्तू आहे, बदलून घ्या आणि टोपी नक्की लावा, कारण टोपी नसली की खारी हवा आणि लाल माती थेट पिनेवर बसते. ज्या गाड्यांना दाब दाखवणारे सेन्सर आहेत त्यांच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घालू देऊ नका. दोन धातू खाऱ्या हवेत एकमेकांना धरतात आणि पुढच्या वेळी पिन काढताना व्हॉल्व्हच तुटतो. तिथे निकेलचा मुलामा असलेली पिन लागते. बुडबुडा बुंध्याशी आला तर रबरी व्हॉल्व्ह गेला. तो बोटाने आडवा वाकवून बघा, बारीक चिरा दिसतील. नवा टायर घालताना जुनाच व्हॉल्व्ह ठेवणं ही दुकानातली नेहमीची काटकसर आहे. बिलात व्हॉल्व्हची रक्कम लावली असेल आणि व्हॉल्व्ह जुना निघाला, तर तो फुकटात बदलून मिळाला पाहिजे.

आता रिमची कड. किनाऱ्यावर परत परत बसणाऱ्या चाकांचं कारण फार वेळा इथेच सापडतं आणि दुकानात इथेच सगळ्यात कमी बघतात. मालवण, देवगड, गुहागर, हर्णै, मुरूड, कुठेही समुद्राजवळ उभी राहणारी गाडी घ्या: अलॉय रिमच्या रंगाखाली पांढरी भुकटी धरते, लोखंडी रिमला गंजाचे पापुद्रे येतात. टायरची कड त्या खडबडीत जागेवर नीट बसत नाही आणि हवा हळूहळू सुटते. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालणाऱ्यांच्या रिमा तर आणखी लवकर जातात. अशा चाकाला टाकीत बुडवून 'पंक्चर नाही' म्हणून हवा भरून परत पाठवतात, किंवा जुन्या पंक्चरच्या जागी आणखी एक स्ट्रिप, म्हणजे बाहेरून सळीने भोकात कोंबायची रबरी पट्टी, घालतात. भोकच तिथे नसेल तर स्ट्रिपने काय होणार?

दुरुस्ती अशी: टायर रिमवरून उतरवायचा, दोन्ही बाजूंची बैठक तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत होईपर्यंत घासायची, कोरड्या फडक्याने पुसायची, बीड सीलरचा (टायरच्या कडेची बारीक फट बुजवणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्यायचा, टायर बसवायचा आणि २४ तासांनी दाब मोजायचा. एका चाकाला अर्धा तास जातो आणि पंक्चरच्या दरात तो कोणालाच परवडत नाही, हे समजून घ्या. म्हणून जाताच सांगा, 'दादा, पंक्चर नाहीये, रिमची कड घासून सीलर लावून पाहिजे, त्याचे काय ते वेगळे सांगा.' एवढ्या वाक्यावर बहुतेक ठिकाणी कामाला लागतात. घासल्यावर खड्डे खोल दिसले किंवा रिमला चीर दिसली तर सीलर फासून वेळ काढू नका, रिम बदला.

एकाचे चार पंक्चर

चाक उतरल्यापासून जवळ उभे राहा. पाण्यात किंवा साबणात बुडबुडा दिसला की दुकानदाराने सळी घालण्यापूर्वी तिथे खडूने खूण करायला सांगा आणि निघालेला खिळा हातात मागा. आधी सगळ्या खुणा, नंतर काम. सळी आधी आणि 'अजून एक सापडलं' नंतर, हा क्रम चालू देऊ नका. स्ट्रिप ही तात्पुरती सोय आहे. टिकाऊ काम म्हणजे टायर उतरवून आतून लावलेला मशरूम पॅच (छत्रीसारखं ठिगळ, ज्याचा दांडा भोकात बसतो), आणि तोही फक्त नक्षीच्या भागात, ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला. बाजूच्या भिंतीवर पंक्चर काढतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

नट

घरी आल्यावर गाडीतल्या पान्याने प्रत्येक चाकाचा एकेक नट सोडून परत आवळून बघा. सुटत नसेल तर इंपॅक्ट गनने, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या पान्याने, बेसुमार आवळलेत. त्याने बोल्ट ताणले जातात, ब्रेकची डिस्क वाकडी होऊन ब्रेक लावताना थरथर येते, आणि रात्री आंबोलीत स्टेपनी काढून उपयोग होत नाही. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. योग्य रीत अशी की सगळे नट आधी हाताने फिरवून बसवायचे, मग समोरासमोरचे घेत टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळायचे. अलॉय रिम असेल तर ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासायचे. दुकानात टॉर्क पाना नसेल तर निदान शेवटचा आवळा हातच्या पान्याने द्यायला सांगा. गंजलेले नट सहज निघावेत म्हणून आट्यांना ग्रीस लावतात तेही नको. त्याने तोच जोर लावूनही नट जास्त आवळला जातो.

थरथर आणि ओढ

दुकानदार गाडी बाजारपेठेत फिरवून 'बघा, काही नाही' म्हणतो, कारण ताशी ४० ला बॅलन्सिंगचा दोष जाणवतच नाही. तो ८० ते ११० च्या दरम्यान येतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरी झालेल्या तुकड्यावर, वेगमर्यादा पाळून, जवळचं कोणीतरी सोबत घेऊन बघा. थरथर स्टिअरिंगला आली तर पुढची चाकं, सीटला आली तर मागची. फक्त ब्रेक लावल्यावर आली तर टायरवाल्याचा संबंध बहुधा नट आवळून वाकडी झालेल्या डिस्कपुरता. तिथून पुढे मेकॅनिक.

परत बॅलन्सिंग करताना मशीनसमोर उभे राहा. आधी रिमच्या आतला वाळलेला चिखल काढायला लावा. पावसाळ्यात जांभ्याची माती आत थापून बसते आणि ती तशीच ठेवून वजनं ठोकली, तर माती पडली की सगळा हिशेब बिघडतो. जुनी वजनं काढून शून्यापासून सुरुवात व्हायला हवी, आणि शेवटी चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दिसायला हवं. 'पाचच ग्राम राहिलंय, चालतं' हे ऐकून घेऊ नका, पाच ग्रामचं वजन मिळतं. एका चाकाला ७०-८० ग्राम लागत असतील तर टायर रिमवर अर्धा फिरवून बसवायला सांगा. तरीही तेवढंच लागलं तर रिम वाकडी आहे किंवा टायर सदोष आहे.

गाडी ओढत असेल तर आधी दाब सारखा करा आणि पुढची दोन चाकं डावी-उजवी आपसात बदलून बघा (दिशेचा बाण नसलेल्या टायरमध्येच). ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे आणि शंभर वेळा अलाइनमेंट करूनही जाणार नाही. ओढ तशीच राहिली तर अलाइनमेंट. त्याचा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद छापून मागा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश (स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे सांधे) सैल असतील तर आकडा मशीनवर बरोबर येईल आणि पहिल्या खड्ड्यात बिघडेल. म्हणून ते हलवून बघण्याआधी मशीनला हात लावू देऊ नका. साध्या पंक्चरनंतर अलाइनमेंटची गरज नसते.

एक गोष्ट दुकानाशी वाद घालूनही करून घ्या. दोनच नवे टायर घेतले असतील तर ते मागे बसवा. बरीच दुकानं सवयीने पुढे बसवतात. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी फिरते आणि ती सावरणं कठीण असतं. आपल्या पावसात हा फरक जीवावर येऊ शकतो.

इथे थांबा

टायरच्या बाजूला फुगा, दोरे दिसणारी चीर, तुटलेला बोल्ट, रिमला तडा, किंवा कमी वेगातही चाक डुगडुगणं: यातलं काहीही असलं तर गाडी दुकानापर्यंतही चालवत नेऊ नका. स्टेपनी लावा, जमत नसेल तर टोइंग बोलवा. बोल्ट आणि हबचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं किंवा जाणत्या मेकॅनिकचं आहे. नक्षीच्या खोबणीतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत टायर झिजला असेल, तर भांडण सोडा आणि टायर बदला.

दुकान ऐकत नसेल तर

गर्दीच्या वेळी जाऊ नका. गणपती आणि शिमग्याच्या आधीचा आठवडा, शनिवार-रविवारची पर्यटकांची रांग, यात चांगला माणूसही 'वायच थांबा' म्हणत विसरून जातो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दुकान उघडताना जा. कामगाराला बोलू नका, मालकाला भेटा, दाबाचा कागद, बिल आणि फोटो समोर ठेवा आणि एकच मागणी करा: पुन्हा काम, बदली टायर किंवा पैसे परत. तीनही एकदम मागितलं की काहीच होत नाही. पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नसतील तर द्या, पण बिलावर 'हरकत नोंदवून पैसे दिले' असं लिहून फोटो काढा.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीने हबकू नका. बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. टायरमध्येच दोष वाटत असेल तर दुकानामार्फत कंपनीकडे वॉरंटीचा दावा लावा आणि दाव्याचा क्रमांक घेतल्याशिवाय टायर देऊ नका. कंपनीचा तपासनीस नक्षीची उरलेली खोली मोजतो, दोष मान्य झाला तर सहसा तेवढ्या प्रमाणातच रक्कम मिळते. खड्ड्यात आपटून आलेला फुगा बहुतेक वेळा उत्पादनदोष धरला जात नाही, तेव्हा त्यासाठी दुकानदाराशी वैर धरू नका.

तरीही हलले नाहीत तर लेखी पत्र: तारीख, बिल क्रमांक, गाडीचा नंबर, टायरचे आकडे, काय आढळलं, काय हवं, १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण कंपनीच्या कार्यालयातून दुकानाला फोन जातो.

शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. रायगडकरांसाठी अलिबाग, रत्नागिरी जिल्ह्यासाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी सिंधुदुर्गनगरी. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे टायर कोल्हापुरात घेतले असले तरी कुडाळच्या माणसाला घाट चढायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ऑनलाइनही दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः टॅक्सी चालवणाराही ग्राहकच आहे. दुकानदाराने 'तुमची गाडी धंद्याची' म्हटलं तर हे सांगा. टायरमुळे अपघात झाला असेल, कोणाला इजा झाली असेल, तर मात्र एकट्याने काही करू नका. पोलिसांत नोंद करा, विमा कंपनीला कळवा आणि वकील गाठा.

निकाल लागेपर्यंत तो टायर जपून ठेवा. आयोग तो तपासणीला पाठवू शकतो आणि भंगारात गेलेल्या टायरचा दोष सिद्ध करता येत नाही. पडवीत, उन्हापासून दूर, उभा ठेवा. पागोळीखाली ठेवलात तर आत पाणी साचून डास होतील.